गिळलेल्या अक्षरांचं व्याकरण

‘मला माहीत नाही.’ फ्रेंचच्या वर्गात पहिल्या महिन्यातच हे वाक्य शिकवतात: ज न से पा. चार शब्द, उच्चाराचे चार स्वच्छ ठोके. (इथला ‘ज’ जगातलाही नव्हे आणि जहाजातलाही नव्हे, ‘टेलिव्हिजन’मधला.) आता पॅरिसच्या रस्त्यावर कुणालाही विचारा, समोरचं दुकान किती वाजता उघडतं? उत्तर येईल: ‘शे पा.’ दोनच ठोके. आणि त्यातला पहिला तर पुस्तकात नव्हताच. हा ‘श’ आला कुठून?

चला, त्याचा माग काढू. आधी ‘न’ गळतो. मग ‘ज’च्या पोटातला तो अर्धवट ‘अ’ गळतो. आता ‘ज्’ आणि ‘स्’ एकमेकांना भिडले. गळ्यावर बोट ठेवून लांब ‘ज्ज्ज्’ म्हणा: थरथर जाणवेल. ‘स्स्स्’ म्हणा: थरथर बंद. मध्ये स्वर उरला नाही, की स्वरतंतू येणाऱ्या ‘स्’च्या तयारीला आधीच लागतात आणि थरथर थांबवतात. थरथर काढून घेतलेला हा ‘ज्’ म्हणजे नेमकं काय? तोंडातलं काहीही न हलवता फक्त आवाज बंद करा. ‘श्’! मग ‘श्’ आणि ‘स्’ हे दोन जवळचे नातलग एकत्र नांदत नाहीत, ‘श्’ ‘स्’ला पोटात घेतो आणि उरतं ‘शे पा’. याच वाटेनं ‘ज स्वी’, म्हणजे ‘मी आहे’, बोलताना ‘श्वी’ होतं. पाठ केलेलं ‘ज स्वी’ ज्याच्या कानात बसलंय त्याला समोरचा स्वतःबद्दल बोलतोय हेही कळत नाही.

याला आळस म्हणायचा मोह होतो. अनेक फ्रेंच शिक्षकच तसं म्हणतात. पण आळशी माणूस कुठेही काहीही गाळतो. फ्रेंच माणूस तसं करत नाही. शनिवार लिहिताना तीन ठोक्यांचा आहे, ‘सामदी’ म्हणताना दोनांचा. मधला ‘अ’ गेला. शुक्रवार म्हणजे ‘वांद्रदी’. त्यातही तसाच ‘अ’ आहे, ‘द्र’ आणि ‘दी’ यांच्या मध्ये. तो मात्र पॅरिसचा कितीही घाईतला माणूस गाळत नाही. का? तो गेला तर द्-र्-द् अशी तीन व्यंजनं एका जागी अडकतील. मोरिस ग्रामों या भाषाशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे हेरलं आणि त्याला नाव पडलं ‘तीन व्यंजनांचा नियम’. लाखो माणसं रोज हजारदा हा हिशेब करतात, बोलता बोलता, आणि त्यांना नियमाचा पत्ताही नसतो.

आपल्याला तरी कुठे असतो? आपण ‘सरकार’ लिहितो आणि ‘सर्कार’ म्हणतो, ‘गणपती’ लिहितो आणि ‘गण्पती’ म्हणतो. कुणी चारही अक्षरं पूर्ण सुटी उच्चारून ‘ग-ण-प-ती’ म्हणालं, तर शब्द बरोबर असूनही माणूस परका वाटतो. वर्गात शिकलेली फ्रेंच पॅरिसमध्ये नेमकी अशी ऐकू येते. (मार्सेयच्या बाजूला जाल तर तिथले लोक हे ‘अ’ खुशाल उच्चारतात, म्हणून महाराष्ट्रात फ्रेंच शिकलेल्याला दक्षिण फ्रान्स एकदम सोपा वाटावा.)

पण मूळ वाक्यातला ‘न’ कुठे गेला? तो तर नकार होता! ‘माहीत नाही’मधलं ‘नाही’च काढलं आणि तरी अर्थ तोच राहिला? इथे एक आठशे-नऊशे वर्षांची गोष्ट आहे, आणि मराठी माणसाला ती चटकन कळावी, कारण तिची पहिली पायरी आपण रोज चढतो.

‘तो तसूभरही हलला नाही.’ ‘थेंबभर पाणी प्यायला नाही.’ नकार अधिक ठसवायचा तर आपण त्याला एखादी छोटीशी वस्तू जोडतो. जुन्या फ्रेंचमध्ये हेच चालायचं. नकाराचं काम एकटा ‘न’ करायचा. जोर द्यायचा तर चालण्याबरोबर ‘पा’, म्हणजे पाऊल: पाऊलभरही चाललो नाही. पिण्याबरोबर ‘गूत’, म्हणजे थेंब. खाण्याबरोबर ‘मी’, म्हणजे पावाचा कण. हळूहळू या छोट्या वस्तूंत चुरस लागली आणि ‘पाऊल’ जिंकलं. मग ते चालणं सोडून सगळ्याच क्रियापदांना चिकटलं. लोक ‘पाऊलभर खात नाही’ आणि ‘पाऊलभर झोपत नाही’ म्हणू लागले, आणि त्यात पाऊल आहे याची कुणाला आठवणही राहिली नाही. जोर संपला, नुसती सवय राहिली. आता नकार दोन शब्दांवर टेकलेला: पुढे ‘न’, मागे ‘पा’. दोघांपैकी कानाला भरीव कोण? ‘पा’. मग ‘न’ हवा कशाला?

आपल्याकडे कल्पना करा: ‘जेवलास का?’ ‘तसूभर.’ म्हणजे नाही जेवलो! फ्रेंच आज नेमकी तिथे पोचली आहे. डॅनिश भाषापंडित ऑटो येस्पर्सन यानं १९१७ साली दाखवलं की नकार असा झिजणं, त्याला टेकू लागणं आणि मग टेकूनंच मालक होणं, हे चक्र इतर भाषांतही फिरतं.

आणि ही आजकालच्या पोरांची करणी आहे असं समजू नका. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला झां एरोआर नावाचा राजवैद्य छोट्या राजपुत्राची, म्हणजे पुढच्या तेराव्या लुईची, रोजनिशी लिहीत असे. पोरगं काय खातं, किती झोपतं, आणि काय बोलतं, तेही जसंच्या तसं, बोबड्या उच्चारांसकट. त्या बोलण्यात ‘न’ गळलेले नकार सापडतात. राजवाड्यात! याच तेराव्या लुईच्या राज्यात, १६३५ साली, भाषेच्या राखणीसाठी फ्रेंच अकादमी स्थापन झाली. तिचे चाळीस सदस्य ‘अमर’ म्हणवतात. अमरांनी पहारा ठेवला आणि ‘न’ मागच्या दारानं निघून जात राहिला. लुआर खोऱ्यातलं तूर हे गाव ‘सर्वांत शुद्ध’ फ्रेंचसाठी नावाजलेलं. तिथे १९७६मध्ये नोंदवलेल्या बोलण्यात सुमारे ३७ टक्के नकारांत ‘न’ टिकून होता. १९९५मध्ये तो सुमारे १८ टक्क्यांवर आला. माँट्रियलमध्ये तर १९७१ सालच्या ध्वनिमुद्रणांतच शंभर नकारांमागे एखादा ‘न’ मिळणंही मुश्किल होतं.

आता यातली खरी गंमत. ‘प्ल्यू’ या शब्दाचे फ्रेंचमध्ये दोन अर्थ: ‘आणखी’ आणि ‘यापुढे नको’. एकमेकांच्या थेट विरुद्ध! ‘न’ होता तोवर अडचण नव्हती. तो दिसला की समजायचं, नकार आहे. ‘न’ गेला आणि जेवणाच्या टेबलावर ‘मला आणखी हवंय’ आणि ‘मला आता नको’ ही दोन वाक्यं अक्षराअक्षराला सारखी लिहिली जाऊ लागली. मग बोलताना कसं निभावतं? शब्दाच्या शेवटी लिहिलेला, एरवी न उच्चारला जाणारा ‘स’ मदतीला आला. ‘प्ल्यूस’ म्हणालात तर ताटात आणखी पडेल. ‘प्ल्यू’ म्हणालात तर ताट उचलतील. भाषेनं एक खांब काढला आणि दुसरा आधीच बसवून ठेवला होता. कुणी ठरवलं हे? कुणीच नाही.

फ्रेंच ऐकताना सगळ्यांचीच तक्रार एक असते: किती भरभर बोलतात हो! बोलतात खरे. लियोंच्या फ्रांस्वा पेलेग्रिनो आणि सहकाऱ्यांनी मोजलं तेव्हा फ्रेंचचा वेग सेकंदाला सुमारे सात ठोके निघाला, इंग्रजीचा सहाच्या थोडा वर. पण एका ठोक्याच्या फरकानं माणूस इतका गोंधळत नाही. खरी अडचण अशी की शब्द कुठे संपतो तेच कळत नाही. ‘ती पॅरिसमध्ये एका मित्राबरोबर राहते’ याचं फ्रेंच वाक्य सात शब्दांचं आहे. ऐकू येतं ते असं: ए-ला-बि-ता-पा-री-आ-वे-कँ-ना-मी. शब्दाच्या शेवटचं व्यंजन उठून पुढच्या शब्दाच्या स्वराला जाऊन बसतं. गजऱ्यात एका फुलाचा देठ पुढच्या फुलाखाली जातो आणि लांबून पाहणाऱ्याला फुलं मोजता येत नाहीत, तसं. रेमों कनो या लेखकानं १९५९च्या ‘झाझी दां ल मेत्रो’ या कादंबरीचा पहिला शब्दच असा घडवला: एक अख्खं वाक्य, कानाला पडतं तसं, सलग एका शब्दात. भल्याभल्या फ्रेंच वाचकांनाही तो मोठ्यानं म्हटल्याशिवाय उलगडत नाही.

आणि हा ‘मित्र’ तर बहुरूपी आहे. शब्द ‘आमी’. ‘एक मित्र’ म्हणताना ऐकू येतं ‘नामी’. ‘मित्रमंडळी’ म्हणताना ‘झामी’. ‘प्ती’ हा ‘छोटा’ या अर्थाचा शब्द पुढे लागला की ‘तामी’. फ्रान्समधली लहान मुलंही यात फसतात आणि काही दिवस ‘एक झामी’ असं बोलतात. ही झ, न, त कुठून उपटली? उपटली नाहीत, ती उरली आहेत. मध्ययुगात शब्दांच्या शेवटची व्यंजनं खरोखर उच्चारली जात. पुढे ती झडली, पण जिथे लगेच स्वर येतो तिथे त्यांना आधार मिळाला आणि ती तगली. म्हणजे दोन मित्रांना हाक मारताना आजचा फ्रेंच माणूस कित्येक शतकांपूर्वीचा एक ध्वनी सहज उच्चारून जातो.

याहून नवल ‘थोर माणूस’चं. ‘थोर’साठीचा ‘ग्रां’ हा शब्द लिहिताना शेवटी ‘ड’ची खूण असते, पण ‘थोर माणूस’ म्हणताना उच्चार होतो ‘ग्रां तोम’, ‘त’नं. का? जुन्या फ्रेंचमध्ये तो शब्द ‘त’नंच संपायचा. नंतर विद्वानांनी लॅटिनशी जुळावं म्हणून लेखन बदललं. तोंडानं मात्र ऐकलं नाही.

चुकीचं व्यंजन जोडणाऱ्यांसाठी फ्रेंचमध्ये खास टोपणनावंही आहेत: नको तिथे ‘त’ घातला तर ती चूक ‘चामडं’, नको तिथे ‘झ’ घातला तर ‘मखमल’. चुकांना इतकी देखणी नावं देणाऱ्या समाजाबद्दल मला तरी आदर वाटतो. आणि एक चूक खरंच महागात पडते. ‘नायक’ म्हणजे ‘एरो’. अनेक नायक म्हणजे ‘ले एरो’, इथे जोडायचं नाही, फट ठेवायची. जोडलंत तर होतं ‘ले झेरो’: अनेक शून्यं! नायिकेच्या शब्दाला मात्र ही फट लागत नाही; तिथे उपपद बिनधास्त चिकटतं.

शब्दांना स्वतःच्या सीमा नाहीत, तर मग ऐकणाऱ्यानं धरायचं काय? सूर. फ्रेंचमध्ये शब्दाशब्दावर आघात नसतो. एका श्वासाचा जो तुकडा असतो, त्याच्या शेवटच्या ठोक्यावर वजन पडतं. तो थोडा लांबतो आणि वाक्य अजून संपलं नसेल तर सूर वर जातो. वर, वर, वर, आणि शेवटी खाली. ही चाल किती खोल रुजलेली असते? २००९ साली जर्मनीतल्या कॅथलीन वेर्मके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीस फ्रेंच आणि तीस जर्मन नवजात बाळांचं रडणं ध्वनिमुद्रित केलं. बाळं तीन ते पाच दिवसांची. जर्मन बाळांच्या रडण्याचा सूर वरून खाली उतरत होता. फ्रेंच बाळांचा खालून वर चढत होता. पोटात असतानाच ऐकलेल्या आईच्या बोलण्याची चाल, पहिल्या आठवड्याच्या रडण्यात! आपण मात्र बाविसाव्या वर्षी क्रियापदाच्या तक्त्यापासून सुरुवात करतो.

या सवयीची किंमतही असते. एमान्युएल द्युपू आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरर्थक शब्दांच्या जोड्या, फरक फक्त आघात कुठे आहे याचा. स्पॅनिश बोलणाऱ्यांना तो पटकन ऐकू आला. फ्रेंच बोलणारे अडखळत राहिले. कान शाबूत, पण ज्याचा आपल्या भाषेत उपयोगच नाही तो फरक मेंदूनं बाजूला टाकलेला.

म्हणून फ्रेंच सहज बोलायची असेल तर एकेक शब्द घासून उपयोग नाही, तुकडा उचलायला हवा. जुने भाषाशिक्षक यासाठी वाक्य शेपटाकडून म्हणायला लावत: आधी ‘नामी’, मग ‘आवेकँनामी’, मग पूर्ण. असं केलं की ज्या शेवटच्या ठोक्यावर वजन पडायचं तो सर्वांत जास्त वेळा तोंडातून जातो आणि सूर आपोआप त्याच्याकडे धावतो. किंवा एखादं ध्वनिमुद्रण लावा आणि बोलणाऱ्याच्या अर्धा सेकंद मागून, अर्थ समजण्याची वाट न पाहता, त्याच्या सुरात सूर मिसळून बोलत राहा. शेजारी हसतील. हसू द्या.

व्याकरणाची तर मजाच आहे. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला गुणांसाठी फ्रेंच घेणाऱ्या पोरांना ‘बोलणे’ या क्रियापदाचा सहा ओळींचा तक्ता पाठ करावा लागतो. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते: शेपटं वेगवेगळी. डोळे मिटून ऐका. मी ‘पार्ल’, तू ‘पार्ल’, तो ‘पार्ल’, ते ‘पार्ल’. चारांचा उच्चार एकच! वेगळे फक्त ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’. त्यातही बोलताना ‘आम्ही’साठी ‘नू’ क्वचितच वापरतात. त्याऐवजी ‘ऑं’ म्हणतात आणि त्याचंही क्रियापद ‘पार्ल’. सहा ओळींच्या तक्त्यातून कानाला उरले दोन उच्चार. ज्या शेपटांसाठी गुण कापले जातात, त्यातली बहुतेक फ्रान्समध्ये फक्त कागदावर राहतात.

शब्दांच्या क्रमातही बोली फ्रेंच पुस्तकाला चकवते. ‘मला कॉफी आवडत नाही’ हे पुस्तकी वाक्य. प्रत्यक्षात ऐकू येतं: ‘म्वा, ल काफे, जेम पा’. मी, कॉफी, नाही आवडत. आधी कुणाबद्दल, मग कशाबद्दल, मग काय ते. ‘माझं विचारशील तर, कॉफी ना, नाही बाबा आवडत’ असं सहज म्हणणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. फक्त ‘असं चालतं’ एवढं कुणीतरी सांगावं लागतं.

आणि चालतं ते खूप चालतं. वाक्याच्या तोंडाशी ‘बें’ किंवा ‘बा’, शेवटी ‘क्वा’, मध्ये दर चार वाक्यांमागे ‘द्यू कू’, जो हल्ली ‘मग’ आणि ‘म्हणून’ची सगळी कामं करतो आणि ज्यावर वडीलधारी मंडळी वैतागतात. शब्द सुचेना तर फ्रेंच माणूस लांब ‘अऽऽ’ करतो, ओठ जरा पुढे काढून. कोणता ‘अ’ हा? जवळपास तोच, जो घाईत गिळला जातो! बोलताना जो सर्वांत आधी टाकायचा, तोच अडलं की लांबवायचा. म्हणून अडखळतानाही फ्रेंचमध्ये अडखळावं लागतं. शुद्ध वाक्याच्या मध्ये आलेला इंग्रजी ‘अम्म’ सगळं सोंग उघडं पाडतो.

या मुक्या ‘अ’चा सूड पाहायचा असेल तर ‘वेर्लां’ पाहा. आपल्याकडे पोरं च-ची भाषा बोलतात, तशी तिकडची ही उलटी भाषा. तिचं नावही ‘उलटं’ या अर्थाचा ‘लांव्हेर’ उलटा करून केलेलं. ‘बाई’ म्हणजे ‘फाम’. उलटवण्यासाठी आधी तो मुका ‘अ’ जागा करतात: फा-म. मग उलटं: म-फा. मग शेपूट छाटायचं: ‘मफ’. उच्चारात ज्याला जागा नव्हती तो स्वर आता शब्दाचा एकमेव स्वर! गायक रनोच्या १९७७ सालच्या ‘लेस बेतों’ या गाण्याचं आणि १९८४च्या ‘ले रिपू’ या चित्रपटाचं नाव याच भाषेतलं. आणि एखादा उलटा शब्द फार लोकांना कळू लागला तर? पुन्हा उलटवतात. ‘आराब’चा ‘बर’ झाला, तो सर्वतोमुखी झाला, मग त्याचा ‘रबू’ केला.

पुस्तक, तक्ता, गुण यांतलं काहीच नसेल आणि फक्त कानानं फ्रेंच उचलली तर काय हाती लागतं? याचं उत्तर हिंदी महासागरात आहे. १७१५पासून १८१०पर्यंत मॉरिशस फ्रेंचांच्या ताब्यात होतं. आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून गुलाम करून आणलेल्या माणसांना कुणी वर्गात बसवलं नाही. त्यांनी मालकांचं बोलणं ऐकलं आणि ऐकू आलं तिथे शब्द तोडले. ‘ले झ्वाझो’, म्हणजे पक्षी, यातला ‘झ’ खरं तर मागच्या शब्दाचा. तो पुढच्याला कायमचा चिकटला आणि यातून घडलेल्या तिथल्या क्रिऑल भाषेत पक्षी ‘झ्वाझो’ झाला, एकटा असला तरी. मुलं ‘झांफां’. पाणी ‘दिलो’, घर ‘लाकाझ’, उपपदं पोटात घेऊन. नकारासाठी फक्त ‘पा’. ‘न’चा मागमूस नाही. पुढे ब्रिटिशांच्या काळात मुंबई बंदरातून ऊसमळ्यांवर मजूर गेले, त्यांत कोकणातली मराठी कुटुंबं होती. त्यांनीही हीच भाषा उचलली. आज मॉरिशसमध्ये गणपती बसवणाऱ्या मराठी घरांतली पोरं आपल्या घराला ‘लाकाझ’ म्हणतात, आणि त्यातलं ‘ला’ हे एके काळी फ्रेंच उपपद होतं हे लक्षात ठेवण्याची त्यांना काडीइतकीही गरज पडत नाही.